फ्रँक राइक : कायम राखीव राहिलेला क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून कितपत यशस्वी ठरला?

दूरचा प्रेक्षक :

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलचे नियम मला आता बऱ्यापैकी समजू लागले आहेत. पण या खेळातील माणसांच्या कारकिर्दी कशा घडतात आणि कशा मोडतात, हे अजून नीट उमगलेले नाही. सध्या फ्रँक राइक यांच्याविषयी वाचत असताना दोन ठिकाणी अडलो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

राइक १९८५ ते १९९८ अशी चौदा वर्षे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारे आणि पास देणारे खेळाडू, होते. मात्र नियमित हंगामात सुरुवातीपासून खेळायला मिळालेले त्यांचे सामने जेमतेम वीसच्या आसपास भरतात. बफेलो बिल्स संघात त्यांची उमेदीची वर्षे जिम केली यांच्या पाठीमागे राखीव म्हणून गेली. तरीही ३ जानेवारी १९९३ रोजी ह्यूस्टन ऑयलर्सविरुद्ध ३५-३ असे मागे पडलेल्या बिल्सना त्यांनी ४१-३८ असा विजय मिळवून दिला. पुढे ते प्रशिक्षणाकडे वळले, फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक) होते आणि लगेच इंडियानापोलिस कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्ट्सने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सने, दोन्ही वेळा हंगाम चालू असतानाच, त्यांना पदावरून दूर केले.

वर्षानुवर्षे कसोटी संघाबरोबर दौरे करणाऱ्या, पण अंतिम अकरांत क्वचितच दिसणाऱ्या यष्टिरक्षकाच्या हाती पुढे संघाची सूत्रे यावीत, तसे हे मला वाटते. जो माणूस फारसा खेळलाच नाही, त्याच्याकडे शिकवण्यासारखे एवढे काय होते? आणि बुडत्या संघाला वर काढण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याच हातून दोन संघ का निसटले? हे दोन प्रश्न वेगळे आहेत की एकच, याचाही मला निश्चय होत नाही.

मृणाल_क :

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहिते. प्रशिक्षकपदाच्या काळाबद्दल इतर कोणी अधिक अधिकाराने लिहील.

राइक यांचा जन्म १९६१ चा आणि बालपण पेनसिल्व्हेनियातील लेबनन गावचे. मेरिलँड विद्यापीठाच्या संघात ते आले तेव्हा क्वार्टरबॅकच्या जागेवर बूमर असायसन होते, त्यामुळे वाट पाहण्याची सवय त्यांना महाविद्यालयापासूनच लागली. असायसन १९८४ मध्ये एनएफएलमध्ये गेल्यावर राइक यांची पाळी आली खरी, पण त्याच हंगामात खांदा दुखावल्याने ती जागा स्टॅन गेलबॉ यांच्याकडे गेली. १० नोव्हेंबर १९८४ रोजी मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर मध्यंतराला यजमान ३१-० असे पुढे होते. प्रशिक्षक बॉबी रॉस यांनी उत्तरार्धात राइक यांना उतरवले आणि मेरिलँडने त्या अर्ध्यात सहा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे) करून सामना ४२-४० असा जिंकला. त्या काळी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात एवढी मोठी पिछाडी कोणीच भरून काढलेली नव्हती. मायामीचे प्रशिक्षक होते जिमी जॉन्सन. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९८५ मध्ये बिल्सने त्यांना ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) तिसऱ्या फेरीत निवडले. केली यांची निवड बिल्सने १९८३ सालीच केलेली होती, पण ते यूएसएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेले होते. ती लीग कोलमडल्यावर १९८६ मध्ये ते बफेलोला आले आणि राइक यांचे स्थान कायमचे ठरून गेले. १९८९ मध्ये केली जायबंदी झाले तेव्हा राइक यांनी तीन सामने सुरुवातीपासून खेळले आणि तिन्ही जिंकले. केली बरे होताच ते पुन्हा बाजूला उभे राहिले.

आता शिकवण्यासारखे काय होते, याबद्दल. त्या बिल्स संघाचे आक्रमण हडल न करता, म्हणजे दोन चालींच्या मध्ये घोळक्याने उभे राहून चर्चा न करता, वेगाने चालत असे. पुढची चाल कोणती हे बाजूला उभे असलेले प्रशिक्षक नव्हे, तर मैदानावरचा क्वार्टरबॅक ठरवी. प्रशिक्षकाचा आवाज थेट क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये पोहोचवणारा रेडिओ एनएफएलमध्ये १९९४ साली आला, म्हणजे तोपर्यंत तशी मदत मिळण्याचीही सोय नव्हती. अशा पद्धतीत राखीव क्वार्टरबॅकला केवळ पास फेकण्याचा सराव ठेवून भागत नाही. समोरच्या संघाचे बचावपटू कसे उभे आहेत, घड्याळात किती वेळ उरला आहे, कोणत्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितव्याला) किती यार्ड हवे आहेत आणि आपल्या ताफ्यातील कोणता खेळाडू दमला आहे, हा सगळा हिशेब डोक्यात तयार ठेवावा लागतो, आणि तोही प्रत्यक्ष खेळायला मिळेल की नाही याची खात्री नसताना. बफेलोतील दहा हंगाम राइक यांनी हेच केले. मुख्य प्रशिक्षक सामन्याच्या दिवशी करतो ते काम याहून फार निराळे नसते.

आणखी एक काम त्यांच्याकडे होते, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. फील्ड गोलच्या, म्हणजे खांबांमधून किक मारून तीन गुण मिळवण्याच्या, वेळी चेंडू जमिनीवर धरून ठेवणारा खेळाडू तेच असत. २७ जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये स्कॉट नॉरवुड यांची ४७ यार्डांची किक खांबाच्या उजव्या बाजूने बाहेर गेली आणि न्यूयॉर्क जायंट्स २०-१९ ने जिंकले. तो चेंडू राइक यांनीच धरलेला होता. बफेलोत आजही तो क्षण लोकांना सलतो.

१९९३ च्या सामन्याचा तपशील द्यायला हवा, कारण केवळ धावफलकावरून त्याचे स्वरूप लक्षात येत नाही. नियमित हंगामाच्या अखेरच्या सामन्यात, याच ऑयलर्सविरुद्ध, केली यांना दुखापत झालेली होती. मध्यंतराला ह्यूस्टन २८-३ असे पुढे होते, कारण वॉरन मून यांनी पहिल्या अर्ध्यातच चार टचडाउन पास दिले होते. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच राइक यांचा पास बबा मॅकडॉवेल यांनी अडवून ५८ यार्ड पळत टचडाउन केला आणि फरक ३२ गुणांचा झाला. आदल्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक गमावलेल्या आणि आता मुख्य धावपटू थर्मन थॉमस यांनाही दुखापतीमुळे मुकलेल्या संघाची ही अवस्था होती. प्रेक्षक मैदान सोडून घरी निघाले होते. तिकिटे पूर्ण न खपल्याने तेव्हाच्या नियमानुसार बफेलो परिसरात सामन्याचे दूरचित्रवाणी प्रक्षेपणही नव्हते, त्यामुळे पुढे काय झाले हे गावातील लोकांनी रेडिओवर ऐकले.

पुढे झाले ते असे. राखीव धावपटू केनेथ डेव्हिस यांनी एक यार्डावरून टचडाउन केला. त्यानंतरची ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मारणाऱ्या स्टीव्ह क्रिस्टी यांनी स्वतःच झेपावून चेंडू मिळवला. डॉन बीबी यांना ३८ यार्डांचा टचडाउन पास गेला आणि त्यामागोमाग आंद्रे रीड यांनी दोन टचडाउन केले. तिसरे क्वार्टर संपले तेव्हा फलक ३५-३१ दाखवत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये रीड यांच्या तिसऱ्या टचडाउनने बिल्स पुढे गेले, ऑयलर्सने फील्ड गोल करून ३८-३८ अशी बरोबरी साधली, जादा वेळेत नेट ओडम्स यांनी मून यांचा पास अडवला आणि क्रिस्टी यांनी ३२ यार्डांचा फील्ड गोल करून सामना संपवला. या वेळीही चेंडू धरणारे हात राइक यांचेच होते.

पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गला जाऊन त्यांनी स्टीलर्सना २४-३ असे हरवले, आणि केली बरे होताच जागा परत दिली. सुपर बोलमध्ये केली पुन्हा जखमी झाल्यावर राइक उतरले. पण डॅलस काउबॉइजने तो सामना ५२-१७ असा एकतर्फी जिंकला. काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन होते. १९८४ चा तो सामना त्यांना नक्कीच आठवत असणार.

शंकासुर :

मृणालताईंचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्या सामन्यात नशिबाचा वाटा लहान नव्हता. बीबी यांनी टचडाउन केला त्या चालीत ते पास घेण्यापूर्वी सीमारेषेबाहेर पाऊल टाकून आत आलेले होते, आणि नियमानुसार तो पास ग्राह्य धरता येत नव्हता. पंचांच्या नजरेतून ते सुटले आणि चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची पद्धत १९९१ च्या हंगामानंतर बंद केलेली असल्यामुळे दाद मागण्याचा मार्गही नव्हता. दुसरे असे की ऑयलर्स चार रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) मैदानावर ठेवून जवळजवळ सतत पास टाकणारे आक्रमण वापरत. अर्धवट राहिलेल्या पासनंतर घड्याळ थांबते, आणि धावून नेलेल्या चेंडूनंतर ते सहसा चालू राहते. ३२ गुणांची आघाडी असलेल्या संघाला घड्याळ पळवता येईना, हे त्या आक्रमणाच्या रचनेतच होते. ह्यूस्टनने पराभवाची शिक्षा मात्र बचावाचे कोऑर्डिनेटर जिम एडी यांना दिली आणि त्यांना लगोलग काढून टाकले. मेरिलँडच्या सामन्यातही आघाडी मिळवून देणारा ६८ यार्डांचा पास मायामीच्या बचावपटूच्या हाताला लागून ग्रेग हिल यांच्या हाती पडला होता. राइक यांचे धैर्य मी नाकारत नाही. फक्त दोन सामन्यांत झालेल्या चमत्कारांवरून स्वभावाचा सिद्धान्त मांडू नये, एवढेच म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट ‘राखीव क्वार्टरबॅक चांगले प्रशिक्षक होतात’ या समजाबद्दल. या समजाला पुष्टी देणारी नावे सगळ्यांना पाठ असतात. डग पीडरसन हे डॅन मरिनो आणि ब्रेट फार्व्ह यांच्यामागे राखीव होते आणि त्यांनी ईगल्सना सुपर बोल जिंकून दिला. गॅरी क्युबियाक हे डेन्व्हरमध्ये जॉन एल्वे यांच्यामागे होते आणि त्याच डेन्व्हरचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २०१५ च्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. उलट बाजूला बार्ट स्टार यांचे नाव घेतले जाते. पहिल्या दोन्ही सुपर बोलचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले स्टार १९७५ ते १९८३ अशी नऊ वर्षे ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्या काळात संघ एकदाच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, गेला. पण मग जिम हार्बॉ यांचे काय करायचे? ते अनेक वर्षे नियमित क्वार्टरबॅक होते, आणि प्रशिक्षक म्हणून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेले व मिशिगन विद्यापीठाला २०२३ च्या हंगामाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. अँडी रीड तर क्वार्टरबॅकही नव्हते आणि एनएफएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत. राखीव क्वार्टरबॅकांची संख्याच मोठी असते, चाळिशीच्या आत ते निवृत्त होतात, आणि आयुष्यभर पुरेल एवढा पैसा त्यांनी मुख्य खेळाडूंसारखा मिळवलेला नसतो. साहजिकच त्यांतील बरेच जण प्रशिक्षणाकडे येतात आणि काही यशस्वी होतात. जे झाले नाहीत, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत.

दूरचा प्रेक्षक :

मृणालताई, शंकासुरजी, दोघांचेही आभार. चेंडू धरणारे हात आणि बीबी यांचे सीमारेषेबाहेर गेलेले पाऊल, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. शंकासुरजींचा संख्येचा मुद्दा पटतो. तरी माझा प्रश्न सगळ्या राखीव खेळाडूंबद्दल नसून या एका माणसाबद्दल आहे. कोल्ट्सबरोबर त्यांची सुरुवात चांगली झाली होती असे दिसते. मग बिघडले कोठे?

शार्लटकर :

मी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लटमध्ये राहतो आणि या शहराशी राइक यांचे तीन वेगवेगळ्या काळांत नाते आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९९५ मध्ये पँथर्स संघ नव्याने स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले क्वार्टरबॅक राइक होते. या संघाच्या इतिहासातील पहिला टचडाउन पास त्यांनीच दिला, जुने बिल्स सहकारी पीट मेट्झेलार्स यांना. पहिले तिन्ही सामने हरल्यावर केरी कॉलिन्स या नवख्या खेळाडूला संधी देण्यात आली आणि राइक पुन्हा राखीव झाले. त्यानंतर १९९६ मध्ये न्यूयॉर्क जेट्स, ज्यांनी त्या वर्षी सोळापैकी एकच सामना जिंकला, आणि मग दोन हंगाम डेट्रॉइट लायन्स, असा त्यांचा प्रवास संपला. योगायोग असा की पीडरसन यांच्याही वाट्याला नेमके हेच आले होते. १९९९ मध्ये ईगल्सने त्यांना नऊ सामने खेळवले आणि मग डोनोवन मॅकनॅब या नवख्यासाठी बाजूला केले. २०१६ मध्ये पीडरसन यांनी राइक यांना आपले कोऑर्डिनेटर म्हणून निवडले, तेव्हा नव्या खेळाडूसाठी जागा सोडण्याचा अनुभव दोघांच्याही गाठीशी होता.

खेळणे थांबल्यावर राइक लगेच प्रशिक्षक झाले नाहीत. ते शार्लटला ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकले आणि २००३ ते २००६ या काळात रिफॉर्म्ड थिऑलॉजिकल सेमिनरीच्या येथील शाखेचे अध्यक्ष होते. फुटबॉलमधील बहुतेक प्रशिक्षक विशीत किंवा तिशीच्या आरंभी या व्यवसायात शिरतात आणि रात्री चित्रफिती कापत वर चढतात. राइक चाळिशी ओलांडल्यावर, कोल्ट्सच्या सराव शिबिरात शिकाऊ म्हणून आले. २००९ मध्ये ते पेटन मॅनिंग यांच्यासारख्या खेळाडूचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक झाले आणि त्या हंगामात कोल्ट्स सुपर बोलपर्यंत गेले. मॅनिंग यांना नवे काही शिकवण्याची गरज नव्हती. आठवडाभर त्यांच्याबरोबर प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायला जाणकार जोडीदार हवा होता. केली यांच्यासाठी राइक यांनी वर्षानुवर्षे जे केले, तेच येथेही करायचे होते. पुढे ॲरिझोनामार्गे ते सॅन डिएगो चार्जर्सकडे गेले, जेथे फिलिप रिव्हर्स यांच्याशी त्यांचे सूर जुळले.

ईगल्सची २०१७ ची कथा त्यांच्या शैलीचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. तेरा सामन्यांत ३३ टचडाउन पास दिलेला कार्सन वेंट्झ डिसेंबरमध्ये गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि राखीव निक फोल्स आत आला. येथे साधारण प्रशिक्षक वेंट्झसाठी लिहिलेले आक्रमणच फोल्सच्या गळ्यात घालतो आणि चुका होऊ नयेत म्हणून त्यातील धाडसी चाली वगळतो. पीडरसन, राइक आणि क्वार्टरबॅक प्रशिक्षक जॉन डीफिलिपो यांनी उलट केले. फोल्सला कोणत्या चाली आवडतात, पूर्वी तो कोठे खुलला होता, हे शोधून आक्रमणाची मांडणी त्याच्याभोवती फिरवली. सुपर बोलमध्ये मध्यंतरापूर्वी चौथ्या डाउनला, गोलरेषेपासून एक यार्डावर, फील्ड गोलचे हमखास तीन गुण सोडून क्वार्टरबॅकलाच पास झेलायला लावणारी चाल खेळली गेली, तीही राखीव क्वार्टरबॅकवर विश्वास असल्याशिवाय कोणी खेळत नाही. ती चाल पुकारणारे पीडरसन होते, हे श्रेय त्यांचेच. ईगल्स ४१-३३ ने जिंकले आणि फोल्स सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कोल्ट्सचे पदही राइक यांना दुसऱ्या पसंतीने मिळाले. जोश मॅकडॅनियल्स यांनी होकार देऊन ऐन वेळी माघार घेतली, आणि सुपर बोलनंतर आठवड्याभरातच राइक यांची नेमणूक झाली. पहिल्या हंगामात सुरुवातीच्या सहापैकी पाच सामने हरूनही कोल्ट्स अखेरीस १०-६ (दहा विजय, सहा पराभव) वर आले आणि प्लेऑफमध्ये ह्यूस्टन टेक्सन्सना हरवून पुढे गेले. मग २४ ऑगस्ट २०१९ रोजी, हंगाम तोंडावर आलेला असताना, दुखापतींना कंटाळून अँड्र्यू लक यांनी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या दिवसात दडलेले आहे. त्यानंतर दरवर्षी पहिल्या सामन्याला निराळा क्वार्टरबॅक होता : २०१९ मध्ये जॅकोबी ब्रिसेट, २०२० मध्ये रिव्हर्स, २०२१ मध्ये वेंट्झ, २०२२ मध्ये मॅट रायन. हातात येईल त्या खेळाडूला जमेल असे आक्रमण उभारणे हे राइक यांचे खरे कौशल्य, आणि ते त्यांनी वारंवार करून दाखवले. रिव्हर्स यांच्याबरोबर ११-५ ही कामगिरी झालीच. पण हे कौशल्य एका हंगामाची तजवीज करते. दर उन्हाळ्यात नव्या माणसासाठी नवी मांडणी करणारा संघ त्या मांडणीवर दुसरा मजला चढवू शकत नाही, आणि क्वार्टरबॅक निवडण्यात जनरल मॅनेजर ख्रिस बॅलार्ड व मालक जिम अर्से यांचाही हात होता. वेंट्झला आणण्यात मात्र राइक यांचा स्वतःचा आग्रह होता, हे नोंदवले पाहिजे. २०२१ च्या शेवटच्या दोन सामन्यांपैकी एक जिंकला असता तरी प्लेऑफ गाठता आला असता. कोल्ट्स दोन्ही हरले, आणि त्यातील दुसरा सामना तोवर दोनच विजय मिळवलेल्या जॅक्सनव्हिलविरुद्ध २६-११ असा. तेथून मालकाचा विश्वास उडाला. २०२२ मध्ये रायन यांना बसवून सॅम एलिंगर या तरुणाला उतरवण्यात आले, न्यू इंग्लंडने २६-३ अशी धूळ चारली आणि दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, राइक यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी आलेल्या जेफ सॅटरडे यांनी शालेय पातळीच्या वर कधी प्रशिक्षण दिलेले नव्हते.

पँथर्सबद्दल मी कमी लिहितो, कारण तो हंगाम येथील लोकांना आठवायला नको असतो. ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाच्या निवडीसाठी डीजे मूर हा खेळाडू आणि पुढील वर्षाच्या पहिल्या फेरीसह अनेक निवडी शिकागोला देऊन ब्राइस यंग याला आणले. दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेल्या सीजे स्ट्राउडने पहिल्याच वर्षी लीग गाजवली. मूर गेल्यावर यंगने पास द्यायचा कोणाला, आणि त्याच्यापुढे भिंत उभी करणारे खेळाडू कोठे होते? चाली पुकारण्याचे काम राइक यांनी ऑक्टोबरमध्ये थॉमस ब्राउन यांच्याकडे सोपवले, काही सामन्यांनी परत घेतले, आणि ११ सामन्यांत एका विजयानंतर २७ नोव्हेंबर २०२३ रोजी मालक डेव्हिड टेपर यांनी त्यांना काढले. तो एकमेव विजय स्ट्राउडच्या ह्यूस्टनविरुद्धच १५-१३ असा मिळालेला होता.

शंकासुर :

शार्लटकर यांचे विवेचन मला बऱ्याच अंशी पटले. एक भर घालतो. पँथर्समध्ये राइक यांना प्रथमच असा क्वार्टरबॅक मिळाला ज्याला हा व्यवसाय मुळापासून शिकवायचा होता. केली, मॅनिंग, रिव्हर्स, लक, रायन हे सगळे घडलेले खेळाडू. फोल्सही कित्येक हंगाम खेळलेला होता. एकविशी ओलांडलेल्या मुलाला धीराने घडवणे आणि तयार खेळाडूला नेमके जे हवे ते पुरवणे, ही दोन कामे एकाच माणसाला सारखीच जमतील असे नाही. ब्राउन यांना चाली पुकारण्याचे काम देऊन लगेच परत घेणे हा तर मला निव्वळ गोंधळ वाटतो, आणि त्याचे खापर मालकावर फोडता येणार नाही.

मृणाल_क :

त्या गोंधळाबाबत शंकासुरजींशी सहमत आहे. यंगबाबत मात्र अकरा सामने हा कोणताही निवाडा करायला अपुरा काळ आहे, असे मला वाटते. वेंट्झ ईगल्समध्ये नवखा म्हणून आला तेव्हा, २०१६ मध्ये, कोऑर्डिनेटर राइकच होते आणि पुढच्याच वर्षी तो लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या पंक्तीत गेला होता. तेव्हा तरुणांना घडवणे त्यांना जमत नव्हते, असे सरसकट म्हणता येत नाही.

‘राखीव माणूस जपून खेळतो’ हा समज राइक यांच्याबाबत साफ चुकीचा आहे, हेही येथे नोंदवावेसे वाटते. ३० सप्टेंबर २०१८ रोजी ह्यूस्टनविरुद्ध जादा वेळेत ३४-३४ अशी बरोबरी असताना, आपल्याच अर्ध्या मैदानात, चौथ्या डाउनला चार यार्ड हवे असताना त्यांनी पंट न करता, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे न देता, चाल खेळली. पास पडला आणि ह्यूस्टनने फील्ड गोल करून सामना घेतला. बरोबरी स्वीकारली असती तर कोणी बोट दाखवले नसते. सामन्यानंतर त्यांनी तोच निर्णय पुन्हा घेईन असे सांगितले, आणि सुरुवातीचे बरेच सामने हरलेल्या त्या संघाने प्रशिक्षकावरचा भरवसा त्या पराभवानंतरही सोडला नाही. उरलेल्या हंगामात जी उसळी आली, तिचे एक कारण मला येथे दिसते.

आपल्या यादीत एक नोंद राहिली आहे. राइक यांनी १९९३ मध्ये केलेला सर्वांत मोठी पिछाडी भरून काढण्याचा विक्रम जवळजवळ तीस वर्षे टिकला, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मिनेसोटा वायकिंग्जने ३३-० अशा पिछाडीवरून ३९-३६ असा विजय मिळवून तो मोडला. समोरचा संघ होता कोल्ट्स, राइक यांना काढून सहा आठवडेही झाले नव्हते. वायकिंग्जचे प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल हेही एनएफएलमध्ये राखीव क्वार्टरबॅकच होते, त्यामुळे शंकासुरजींच्या यादीत आणखी एक नाव वाढते. ते त्यांनी कोणत्या बाजूला लिहायचे, हे त्यांनीच ठरवावे.

शार्लटकर :

मृणालताईंनी यादीचा विषय काढला आहे, तर आणखी एक नोंद. मार्च २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने हंगामाला काही महिनेच उरले असताना प्रशिक्षक बदलला आणि फक्त त्या एका हंगामासाठी राइक यांना हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले. त्या संघाचे जनरल मॅनेजर आहेत अँड्र्यू लक, आणि राइक यांना बोलावणारेही तेच.